“मी तर सांगितलं होतं!”

परिचर्येतलं पुढचं शिक्षण घेऊन नुकत्याच जबाबदारीच्या जागी आलेल्या सिस्टर, ब्रदर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची बरीच पत्रं या महिन्यात आली. नागपूर शहरातून आली, तशी आसपासच्या तालुक्यांतूनही. प्रश्न निरनिराळे, पण बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे एक वाक्य आहेच: ‘मी तर सांगितलं होतं.’ म्हणून या वेळचं सगळं सदर हाताखालच्या माणसांकडून काम करून घेण्याच्या विषयालाच दिलं आहे.

प्रश्न : क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स करून मी एका खाजगी रुग्णालयाच्या आठ खाटांच्या आयसीयूत लागले. सकाळच्या ड्यूटीत माझ्यासोबत चार स्टाफ सिस्टर, एक ब्रदर आणि एक मावशी असतात. मला कुणाला काम सांगायला जमतच नाही. समजावत बसण्यापेक्षा स्वतः केलेलं लवकर होतं. दोनला सुटायचं, तर घरी निघायला चार वाजतात. काय सोपवावं, काय सोपवू नये?
— नर्स प्रॅक्टिशनर, रामदासपेठ

स्वतः केलेलं लवकर होतं हे खरं आहे, पण पहिल्या दिवसापुरतंच. पाच मिनिटांचं काम शिकवायला वीस मिनिटं जातात. ते काम दिवसातून चारदा निघत असेल, तर दुसऱ्या दिवशी ती वीस मिनिटं वसूल झालेली असतात. आणि तुम्ही बेड तीनची पाठ पुसत असताना बेड सातचा घसरणारा बीपी कोण बघत होतं, हा प्रश्न उरतोच. कोर्स करून तुम्ही जे शिकलात ते बेड सातजवळ लागणार होतं.

एका सकाळी स्वतःच्या हाताने केलेलं प्रत्येक काम वेळेसकट वहीत लिहा. दोन पानं सहज भरतील. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा: हे करता करता मध्येच निर्णय बदलावा लागू शकतो का? ‘नाही’ असेल तर ते काम तुमच्याकडे राहण्याचं कारण नाही. चादर बदलणं, नमुना लॅबला पोचवणं, स्थिर रुग्णाला सिस्टरसोबत कुशीवर वळवणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं ही मावशींची कामं. नोंदी घेणं, नेहमीची औषधं, सक्शन (साचलेला कफ यंत्राने ओढून काढणं), नाकातल्या नळीतून फीड, चार्टप्रमाणे इन्सुलिनची ड्रिप कमी-जास्त करणं ही स्टाफ सिस्टरांची. तुमच्याकडे राहतं ते नव्या रुग्णाची पहिली तपासणी, लिखित प्रोटोकॉलप्रमाणे पुढचं पाऊल ठरवणं, डॉक्टरांना केव्हा आणि काय कळवायचं ते ठरवणं, आणि धोक्याच्या औषधांची दुसरी तपासणी.

ही यादी भिंतीवर चिकटवून मोकळं होता येत नाही, कारण काम तेच असलं तरी रुग्ण बदलतो. दर दोन तासांनी कूस बदलणं हे सगळ्यात सोपं वाटणारं काम. पण त्याच खाटेवर मानेच्या मणक्याला मार लागल्याचा संशय असलेला अपघाताचा रुग्ण आला की ते चार माणसांचं काम होतं. डोकं धरणारा मोजून हुकूम देतो आणि बाकीचे एका दमात अंग वळवतात. अशा वेळी डोक्याशी तुम्ही किंवा तुमची सगळ्यात अनुभवी सिस्टर हवी. ‘मावशी रोज वळवतातच की’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता सांगायचं कसं, ते. ‘बेड चारकडे जरा लक्ष ठेवा’ ही सूचना म्हणजे शुभेच्छा झाली. असं म्हणून बघा: ‘सिस्टर, बेड चारचं वजन ६० किलो आहे. लघवी दर तासाला मोजपात्रात मोजा, पिशवीवरच्या रेघांवर जाऊ नका. सलग दोन तास ३० मिलीच्या खाली गेली, किंवा बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली आला, तर हातातलं टाकून मला हाक मारा. मी बेड सातपाशी आहे. बारा वाजता मी चार्ट बघायला येतेच.’ यात काय मोजायचं, कशाने मोजायचं, कुठली मर्यादा ओलांडली की बोलवायचं, तुम्ही कुठे सापडाल आणि केव्हा बघायला याल, हे सगळं आलं. ३० मिली हा आकडा दर किलोला तासाला अर्धा मिली या हिशेबाने आहे. पिशवीवरच्या रेघा अंदाजाच्या असतात, पिशवी तिरकी लोंबली की वाचन आणखी चुकतं.

सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका. त्याला ‘हो’ शिवाय उत्तर येत नाही. ‘मला कधी बोलवाल?’ असं विचारा. उत्तरात ३० आणि ९० हे आकडे आले तर काम पोचलं. ‘तब्येत बिघडली तर’ असं आलं तर पुन्हा सांगा, आणि चिडू नका.

पुस्तकांत काम सोपवण्याचे पाच ‘योग्य’ असतात: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना, योग्य देखरेख. परीक्षेत पाचही लिहिले जातात, ड्यूटीवर पाचवा गळतो. बारा वाजता येते म्हणालात तर बाराला जा. दोनदा गेला नाहीत की तिसऱ्यांदा तुमच्या ‘येते’ला वॉर्डात किंमत राहत नाही.

पोटॅशियम क्लोराईडबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण चूक झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. ते सिरिंजने थेट शिरेत कधीही द्यायचं नाही. हातातल्या साध्या शिरेतून ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नको, म्हणजे ५०० मिली सलाईनमध्ये एक ॲम्प्यूल घातला तर ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. नवख्या हातांची आणखी एक चूक म्हणजे टांगलेल्या बाटलीत खालच्या तोंडातून औषध टोचून तशीच सुरू करणं. औषध तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम जातं. बाटली उतरवून, औषध घालून, आठ-दहा वेळा उलटसुलट करून मगच टांगायची. हे काम सिस्टरला द्या, पण ॲम्प्यूल, मात्रा आणि पंपाचा वेग सुरू करण्याआधी तुम्ही बघायचा.

रक्ताचंही तसंच. रक्तपेढीतून पिशवी निघाल्यापासून अर्ध्या तासात सुरू आणि सुरू केल्यापासून चार तासांत पूर्ण, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पहिली पंधरा मिनिटं सिस्टरने खाटेपाशी उभं राहायचं असतं, आणि त्या वेळी तिच्या दुसऱ्या रुग्णाकडे कोण बघणार हे तुम्ही आधी ठरवायचं असतं. ते न ठरवता ‘रक्त लावा’ म्हटलं की ती लावते आणि निघून जाते. दोष मग कुणाला द्यायचा?

एक गोष्ट मात्र काम वाटण्याच्या कौशल्याने सुटणारी नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे दर पाळीला एक परिचारिका, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. आठपैकी सहा रुग्ण यंत्रावर आणि सिस्टर चार, असं रोज होत असेल तर ते मेट्रनला लेखी कळवा, तारीख, पाळी आणि रुग्णसंख्येसह. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

प्रश्न : मी २६ वर्षांची. वॉर्डातल्या दोन सिस्टर वीस वर्षांपासून इथे आहेत. काही सांगितलं की ‘हो जी, माहीत आहे आम्हाला’ म्हणतात आणि आपल्याच पद्धतीने करतात. मागून ‘काल आलेली पोरगी’ असंही ऐकू येतं.
— इन्चार्ज सिस्टर, सक्करदरा

काल आलेली पोरगी हे खरंच आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडू नका. त्यांची पद्धत वेगळी आहे की धोक्याची आहे, एवढं आधी ठरवा. शिरेतल्या इंट्राकॅथला पट्टी आडवी लावायची की उभी, यावर मान घालवू नका. पण सकाळी आठलाच सगळ्या रुग्णांची इंजेक्शनं भरून बिनलेबलच्या सिरिंज एका ट्रेमध्ये मांडून ठेवायची पद्धत असेल, तर ती त्याच दिवशी थांबायला हवी. पांढऱ्या पाण्यासारख्या सहा सिरिंजांमध्ये कुठली कुणाची, हे वीस वर्षांच्या अनुभवालाही ओळखता येत नाही.

बोलायचं ते पॅन्ट्रीत किंवा चेंजिंग रूममध्ये, रुग्णासमोर नाही आणि ज्युनिअरसमोर तर नाहीच. ‘ताई’ म्हणा, ‘तुम्ही’ म्हणा, आणि मग सरळ मुद्द्यावर या: ‘ताई, आठच्या ट्रेमध्ये सहा सिरिंज बिनलेबलच्या होत्या. उद्यापासून एका रुग्णाचं भरायचं, लेबल लावायचं, द्यायचं, मग दुसरं. मला माहीत आहे यात वेळ जास्त जातो, म्हणून साडेआठपर्यंतची शुगर तपासणी मी ब्रदरकडे देते.’ मान राखायचा म्हणून ‘जमलं तर बघा ना’ असं म्हणू नका. ‘जमलं तर’ म्हटलेलं काम जमत नसतं. याला एकच अपवाद: रुग्णाला लगेच धोका दिसत असेल तर सगळ्यांसमोर ‘थांबा’ म्हणायचं. नंतर खाजगीत कारण सांगता येतं.

काम झालं नाही की कारण शोधा. येत नसेल तर एकदा करून दाखवा. सामान नसेल तर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, तुमचा राहिला आहे. वेळ नसेल तर वाटणी चुकली आहे. करायचंच नसेल, तर मात्र तारीख आणि घटना तेवढीच डायरीत लिहा, स्वभावावर शेरा नको. आणि या सिस्टरांकडे जे आहे ते वापरा. ज्या रुग्णाची शीर कुणालाच सापडत नाही तिथे त्यांना बोलवा, नव्या मुलींना ते शिकवायचं काम त्यांच्या नावावर लावा. ते ड्यूटी लिस्टवर लिहूनच लावा. कागदावर आलेला मान वेगळा असतो.

प्रश्न : मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. उपकेंद्रात एक आरोग्य सेविका, एक आरोग्य सेवक आणि पाच आशाताई. असंसर्गजन्य आजारांची (बीपी, मधुमेह वगैरे) तपासणी चालू आहे. फॉर्म वेळेवर येतात, पण बायकांची कंबर ८०, पुरुषांची ९०, आणि सेवकाच्या रजिस्टरला जवळजवळ सगळ्यांचा बीपी १२०/८०. घरी बसून भरलेलं आहे हे दिसतंय. रागावले तर उद्या कुणी कामच करणार नाही. काय करू?
— भिवापूर तालुका

आकडे खोटे आहेत एवढं तुम्ही ओळखलंत. हेच आकडे का निवडले गेले, तेही बघा. आशाताईंच्या फॉर्ममध्ये बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाची ९० पर्यंत असेल तर शून्य गुण मिळतात. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी आणावं लागतं, म्हणजे आणखी एक खेप. ८० लिहिलं की खेप वाचते. पट्टीपेक्षा गुणांच्या तक्त्याचा अभ्यास जास्त झालाय म्हणायचा.

बीपीचं रजिस्टर ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेवटचा अंक बघणं. डिजिटल यंत्र ११७, १३३, १४२ असे कुठलेही आकडे दाखवतं. पानभर शेवटचा अंक शून्यच दिसत असेल, तर आकडा यंत्रावरून आलेला नाही, किंवा आला तो गोल करून लिहिलाय.

पण एवढ्यावरून कुणाला पकडायला जाऊ नका. दर महिन्याला प्रत्येक आशाताईच्या यादीतली पाच घरं तुम्ही निवडा. यादीतलं दर दहावं नाव घ्या, त्या नेतील त्या घरी जाऊ नका. आणि त्यांना सोबत घेऊनच जा. मागे जाऊन चौकशी केली की गावात त्यांची पत जाते आणि ती परत मिळत नाही. घरात कंबर पुन्हा मोजा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालेल, दहाचा नाही. बीपी मात्र तासातासाला बदलतो, त्यामुळे आज १४६ आला म्हणून परवाचा १२० खोटा असं सिद्ध होत नाही. तिथे एवढंच विचारा: ‘बाई, दंडाला पट्टा बांधला होता का?’ उत्तर लगेच मिळतं.

या फेऱ्यांत खरी कारणं सापडतील. यंत्राचे सेल उतरलेत आणि नवे कुणी आणायचे हे ठरलेलं नाही. शिंप्याची पट्टी ताणून लांब झाली आहे. पुरुष सकाळी शेतावर जातात ते दिवेलागणीला परततात, आणि भेट मात्र दुपारी बाराची. बायका पुरुष सेवकाकडून कंबर मोजून घेत नाहीत, आणि तसं लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही. यातल्या बहुतेक गोष्टी सोडवणं तुमचंच काम आहे. जोडी बदला, आठवड्यातली एक संध्याकाळ पुरुषांसाठी ठेवा, सेल आणि पट्ट्या स्वतः मागवून घ्या.

मग एकदा सगळ्यांसमोर नीट करून दाखवा. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायची, साडीच्या निऱ्यांवरून नाही, श्वास सोडल्यावर. बीपीला माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, बाही वर सरकवलेली. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) काही नाही. दोन वाचनं, मध्ये मिनिट-दोन मिनिटं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा वर दिसतो, म्हणून मोठा पट्टाही पिशवीत हवा.

खर्ऱ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात फॉर्म इथेच फसतो. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि खिशात खर्ऱ्याची पुडी असते. त्याच्या लेखी तंबाखू ही वेगळी वस्तू आहे. ‘खर्रा दिवसाचे किती?’ असंच विचारायला सांगा, आणि मिश्रीतही तंबाखूच असतो, म्हणून बायकांना दात कशाने घासतात ते विचारायला सांगा. हे एक वाक्य बदललं तर गुणांचं चित्र बदलेल.

आशाताई स्वयंसेविका आहेत, त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. त्या तुमच्या नोकर नाहीत, आणि त्यांच्या डोक्यावर तुमच्याशिवाय आणखी चार जणांची कामं असतात. चुका सांगताना त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना सोबत घ्या. सेवकाची गोष्ट वेगळी. तो पगारी कर्मचारी आहे. दाखवून, सामान देऊन, पुन्हा तपासूनही पुढच्या महिन्याचं रजिस्टर १२०/८० च असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी जा. यात संकोच नको. त्या खोट्या आकड्यांमागे एखादा १८० चा माणूस आहे.

प्रश्न : कॉलेजातून नुकत्याच आलेल्या सिस्टरला मी ‘दहा युनिट इन्सुलिन द्या’ सांगितलं. रुग्णाची शुगर ४८ वर आली. नातेवाइकांनी आणलेली बाटली १०० ची होती आणि तिने ४० ची सिरिंज वापरली. रुग्ण बरा आहे. पण मेमो दोघींना मिळाला. मी तर बरोबर सांगितलं होतं. मला मेमो का?
— इन्चार्ज सिस्टर, धंतोली

कारण इंजेक्शन देण्याची जबाबदारी तिची आणि ते तिच्या हाती देण्याची तुमची. एकीची मोठी म्हणून दुसरीची लहान होत नाही.

हिशेब बघा. एका मिलीत १०० युनिट असलेलं इन्सुलिन लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर ते पाव मिली होतं, म्हणजे २५ युनिट. उलट झालं असतं, म्हणजे ४० चं इन्सुलिन नारंगी टोपणाच्या १०० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत, तर फक्त चार युनिट गेले असते आणि शुगर ४०० वर बसून राहिली असती. त्या चुकीचा मेमो कुणालाच मिळत नाही, म्हणून ती जास्त वेळा होते.

तुमच्या सूचनेत बाटलीची ताकद नव्हती. ‘दहा युनिट, बाटली १०० ची, नारंगी टोपण, भरल्यावर मला दाखवा’ एवढं हवं होतं. नव्या सिस्टरचं इन्सुलिन पहिले काही आठवडे दुसऱ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका. आणि दोन्ही ताकदीच्या सिरिंज एकाच खणात ठेवू नका. कितीही ताकीद दिली तरी घाईत हात जवळच्या सिरिंजवरच पडतो.

पुन्हा असं झालं तर आधी रुग्ण: शुद्धीत असून गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही नाही. डॉक्टरांना हाक मारा आणि प्रोटोकॉलप्रमाणे शिरेतून डेक्स्ट्रोज सुरू करा. एकदा शुगर वर आली म्हणून निघून जायचं नाही. जास्त गेलेलं इन्सुलिन अजून काही तास काम करत असतं. त्या सिस्टरशी बोला, पण रडवू नका. जिला रडवलं ती पुढची चूक लपवते.

प्रश्न : मे महिन्यात शीत कक्षात ड्यूटी लागते. उष्माघाताचा रुग्ण आला की सगळे एकाच वेळी धावतात, तरी काहीतरी राहतंच.
— ब्रदर, नागपूर

सगळे धावतात म्हणूनच राहतं. रुग्ण यायच्या आधी, ड्यूटी सुरू होतानाच नावं लावून टाका. एक जण श्वास, ऑक्सिजन आणि शुद्धीवर. एक जण शिरेची लाईन, नमुने आणि शुगरवर. वॉर्डबॉय मामा आणि मावशी पाणी, पंखा आणि बर्फावर. तुम्ही तापमान आणि घड्याळावर, आणि तुमच्या हातात दुसरं काही नको.

तापमान गुदाशयातलं घ्या. काखेत बर्फ ठेवून काखेतलंच तापमान घेणारे महाभाग दर उन्हाळ्यात निघतात. पाणी फवारायचं आणि पंख्याचा झोत सोडायचा. विदर्भातल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने अंग झपाट्याने निवतं. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की ही पद्धत तितकी चालत नाही, तेव्हा बर्फावर भर द्या. बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत. नातेवाइकांना काम द्यायचं असेल तर पातळ ओलं कापड फिरवत राहायचं द्या. जाड ओली चादर पांघरू देऊ नका, ती उष्णता कोंडते. आणि पन्हं घेऊन आलेल्या आजींना प्रेमाने पण स्पष्ट सांगा: गुंगीतल्या माणसाच्या तोंडात थेंबही नाही.

तापमान ३८.५ ते ३९ वर आलं की ‘थांबवा’ म्हणायचं काम तुमचं. मामांना कुणी सांगितलंच नाही तर ते अर्धा तास बर्फ लावत राहतात आणि रुग्ण उलट गार पडतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यामुळे ते देण्यात कुणाचा हात अडकवू नका.

प्रश्न : मावशींना कचऱ्याच्या लाल पिशवीतली सुई टोचली. त्या ठेकेदाराच्या माणूस. त्यांना प्रशिक्षण द्यायचं काम आमचं की ठेकेदाराचं?
— स्टाफ सिस्टर, इंदोरा

प्रशिक्षणाचा प्रश्न नंतरचा. सुई लाल पिशवीत मावशींनी टाकली नव्हती. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टोपण न लावता पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची, हे काम दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. डबा खाटेपासून वीस पावलांवर असेल तर सुई ट्रेमध्ये राहणार आणि ट्रेमधून पिशवीत जाणार. डबा ट्रॉलीवरच ठेवा आणि पाऊण भरला की बदला.

टोचल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, ब्लीच ओतायचं नाही. लगेच कळवायचं, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे, ठेकेदाराच्या माणसांनाही.

मावशींना जंतुनाशक हायपोक्लोराईटचं द्रावण करायला सांगत असाल तर कॅनवरची टक्केवारी वाचून प्रमाण त्यांच्या भाषेत सांगा. १ टक्का हवं असेल तर ५ टक्क्यांच्या कॅनमधून एक मग द्रावण आणि चार मग पाणी, १० टक्क्यांच्या कॅनमधून एक मग आणि नऊ मग. रोज ताजं. कॅन गच्चीच्या जिन्यात उन्हात ठेवलेला असेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची ताकद उतरते, मग कितीही अचूक मोजा.

प्रश्न : कामं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर चालतील का? लेखी पुरावाही राहतो.
— नर्स प्रॅक्टिशनर, मनीषनगर

ड्यूटी लिस्ट, रजा, बैठकीची वेळ खुशाल टाका. रुग्णाचं काम टाकू नका. दोन निळ्या खुणा म्हणजे मेसेज उघडला गेला, एवढंच कळतं. रुग्णाचं नाव आणि आजार वीस जणांच्या फोनमध्ये जातो तो वेगळाच, त्यात मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेले दोघंही असतात. पाळी बदलताना ओव्हर घेताना-देताना खाटेपाशी उभं राहूनच सांगा: रुग्ण कोण, काय झालं, आत्ता कसा आहे, पुढच्या दोन तासांत काय करायचं. आणि ग्रुपमधून त्या दोघांना आजच काढा.